चिप नुसती वेगवान नको, भरवशाचीही हवी

सरकारी कामाच्या निविदा भरणाऱ्या कोणत्याही ठेकेदाराच्या टेबलाच्या खणात एक छोटे यूएसबी टोकन असते. ते संगणकाला लावले, पिन दिला की निविदेवर त्याची डिजिटल सही होते. ही सही कायद्याने त्याच्या हातच्या सहीइतकीच त्याला बांधून ठेवते. हाच ठेकेदार सिमेंटची गोणी घेताना वजन पाहतो, सळई घेताना जाडी मोजतो. पण त्या टोकनातली चिप कोणाची, तिच्या पोटात सही कशी तयार होते, हा प्रश्न त्याने आजवर कोणाला विचारलेला नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

दुकानातल्या तराजूवर ठरावीक मुदतीने वजनमापे खात्याचा शिक्का बसतो. अशा सुरक्षा-चिपांवरही शिक्के असतात, तेही परदेशातल्या नामांकित प्रयोगशाळांचे. तरीही शिक्का बसलेल्या चिपांमधून किल्ल्या गळल्याची उदाहरणे गेल्या काही वर्षांत पुढे आली आहेत. त्यांतल्या ठळक उदाहरणांत मूळ कारण एकच दिसते. कुठेतरी वेळ वाचवण्यासाठी आडवाट धरली गेली होती.

म्हणून आज आम्ही एका अवघड वाटणाऱ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधत आहोत. इलिप्टिक कर्व्ह, म्हणजे वक्रावर आधारलेले गुप्तलेखन करणारे प्रोसेसर कार्यक्षम कसे बनवावेत, हा तो विषय. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, कार्यक्षमतेचा जो हिशेब आज मांडला जातो तो अपुरा आहे. वेळ, जागा आणि वीज एवढे तीनच रकाने त्यात भरले जातात. गळतीचा चौथा रकाना भरल्याशिवाय ती वही पुरी झाली असे मानू नये.

गणित काय आहे?

१९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर या दोन गणितज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवले की, विशिष्ट प्रकारच्या वक्रावरील बिंदूंची बेरीज करण्याची रीत गुप्तलेखनासाठी वापरता येईल. वक्रावरचा एक ठरलेला बिंदू घ्यायचा आणि तो स्वतःमध्येच एका गुपित संख्येइतक्या वेळा मिळवायचा. शेवटी जो बिंदू हाती येतो तो खुशाल जगजाहीर करावा. तो पाहून मूळ बिंदू किती वेळा मिळवला होता हे शोधून काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. ती गुपित संख्या म्हणजे खासगी किल्ली आणि हाती आलेला बिंदू म्हणजे जाहीर किल्ली.

याचा व्यापारी फायदा असा की, किल्ली लहान लागते. जुन्या आरएसए पद्धतीत ३०७२ बिटांच्या किल्लीने जी सुरक्षा मिळते, तितकीच येथे २५६ बिटांत मिळते. किल्ली लहान म्हणजे चिप लहान, वीज कमी आणि उत्तर लवकर. यामुळेच व्हॉट्सॲपच्या संदेशांपासून बिटकॉइनपर्यंत आणि फोनवरून संकेतस्थळांशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीपर्यंत हे गणित सर्वत्र पोहोचले आहे.

चिपच्या पोटातला हिशेब

आता काम किती असते ते पाहू. २५६ बिटांच्या संख्येइतक्या वेळा बिंदू मिळवायचा तर एक-एक करून ते कोणालाही जमणार नाही. म्हणून दुप्पट करण्याची युक्ती वापरतात. तेरा वेळा मिळवायचे तर आठ, चार आणि एक अशा तीन भागांत ते मांडता येते. साध्या रीतीने २५६ बिटांसाठी सुमारे २५६ वेळा दुप्पट आणि सरासरी १२८ वेळा बेरीज करावी लागते. या प्रत्येक क्रियेत मोठ्या संख्यांचे आठ ते सोळा गुणाकार असतात. एकूण हिशेब साडेतीन ते चार हजार गुणाकारांवर जातो. त्यातला प्रत्येक गुणाकार २५६ बिटांचा. ३२ बिटांच्या साध्या प्रोसेसरला असा एक गुणाकार ६४ लहान गुणाकारांत फोडून करावा लागतो, तर ८ बिटांच्या प्रोसेसरला १०२४ लहान गुणाकारांत. म्हणूनच या कामासाठी वेगळा प्रोसेसर बनवण्याची गरज निर्माण झाली.

हा प्रोसेसर रचणारा अभियंता काटकसरीच्या अनेक वाटा शोधतो. पहिली वाट मूळ संख्या निवडण्याची. डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला वक्र दोनचा २५५ वा घात वजा १९ या संख्येवर उभा आहे. या संख्येने भागून बाकी काढणे फार स्वस्त पडते. दुसरी वाट भागाकार टाळण्याची. भागाकार गुणाकाराच्या कितीतरी पट महाग असतो. म्हणून छेद वेगळ्या खात्यावर मांडून ठेवायचा आणि सगळे व्यवहार संपल्यावर शेवटी एकदाच त्याचा निकाल लावायचा. दिवसभराची उधारी वहीत टिपून रात्री एकदम हिशेब करणाऱ्या दुकानदाराला ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरी वाट गुणाकाराचे यंत्रच हुशारीने रचण्याची. रशियन गणितज्ञ कारात्सुबा यांच्या रीतीने चार गुणाकारांचे काम तिनांत होते.

या वाटांनी जाऊन लोकांनी थक्क करणारे काम केले आहे. बेल्जियममधील लूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये आरएफआयडी बिल्ल्यासाठी असा प्रोसेसर अवघ्या बारा-तेरा हजार गेटांत बसवून दाखवला. त्याच वर्षी चेस्टर रेबेरो आणि देबदीप मुखोपाध्याय यांनी एफपीजीए या पुन्हा पुन्हा रचता येणाऱ्या चिपवर चालणारा वेगवान आणि आटोपशीर वक्र-प्रोसेसर मांडला. खरगपूरच्या आयआयटीत या क्षेत्रात पुढेही भरीव काम झाले. म्हणजे आपल्या देशाला हा विषय परका नाही.

अशा कामांची तुलना करताना बहुधा वेळ गुणिले जागा हा आकडा काढतात. हा आकडा जितका लहान तितका प्रोसेसर सरस. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

वाचवलेला वेळच फितूर होतो

१९९६ मध्ये पॉल कॉकर यांनी दाखवून दिले की, गणित फोडण्याची गरजच नाही, यंत्राला लागणारा वेळ मोजला तरी किल्लीचा माग काढता येतो. वर सांगितलेली साधी रीत पाहा. बिट एक असेल तर दुप्पट आणि बेरीज, बिट शून्य असेल तर फक्त दुप्पट. शून्याला काम कमी, एकाला जास्त. चिपने किती वेळ घेतला, किती वीज ओढली हे बाहेरून बारकाईने पाहणाऱ्याला किल्लीचे बिट वाचता येऊ लागतात. पुढे कॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या चढउतारावरूनही किल्ली काढता येते हे सिद्ध केले.

सहीच्या बाबतीत धोका अधिक नाजूक आहे. दर सहीसाठी चिपला एक नवी, एकदाच वापरायची गुपित संख्या घ्यावी लागते. अनेक सह्यांमधील या संख्यांचा थोडा थोडा भाग जरी बाहेर कळला तरी गणिताने मूळ किल्ली निघते. आणि तीच संख्या पुन्हा वापरली तर दोन सह्या पुरतात. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ ची सही करण्याची किल्ली २०१० मध्ये अशीच निघाली.

२०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘मिनर्व्हा’ नावाने एक दोष जाहीर केला. प्रमाणपत्रे मिळालेल्या एका स्मार्टकार्डात त्या एकदाच वापरायच्या संख्येच्या सुरुवातीला शून्ये आली की काम तेवढे लवकर संपत असे. शून्यावर वेळ कशाला घालवायचा, हा विचार कोणत्याही काटकसरी माणसाला पटण्यासारखा आहे. परंतु काही हजार सह्यांचा वेळ मोजून संशोधकांनी त्यावरून मूळ किल्ली काढली.

सप्टेंबर २०२४ मध्ये फ्रान्समधील निंजालॅबचे थॉमस रोश यांनी त्याहून मोठी गोष्ट उघड केली. इन्फिनिऑन कंपनीच्या सुरक्षा-चिपांमध्ये सही पुरी करताना जो भागाकार होतो, त्याला लागणारा वेळ गुपित संख्येनुसार बदलत होता. चिपजवळ धरलेल्या अँटेनाने विद्युतचुंबकीय लहरी टिपून किल्ली काढता आली. हा दोष १४ वर्षे आणि सर्वोच्च पातळीच्या सुमारे ८० तपासण्यांमधून कोणाच्या नजरेस न पडता राहिला होता. जगभर वापरल्या जाणाऱ्या युबिकी ५ मालिकेतील जुन्या किल्ल्यांना तो लागू होता. त्या किल्ल्यांतील प्रोग्राम बदलता येत नाही. जी विकली गेली ती तशीच राहिली.

येथे तोट्याचा हिशेब मांडून पाहावा. हाच भागाकार ठरलेल्या वेळात करण्याची रीत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिला सुमारे तीनशे गुणाकार लागतात. एकूण काम साडेतीन-चार हजार गुणाकारांचे. म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी खर्चात ही वाट बंद झाली असती.

चोख काम नेहमीच महाग पडत नाही

यावर चिप बनवणारे म्हणतात की, हे हल्ले प्रयोगशाळेतले आहेत. यंत्र चोराच्या हाती लागावे लागते, ते उघडावे लागते, महागडी उपकरणे लागतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. २०२४ च्या त्या दोषामुळे वाचकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे अशी किल्ली आहे त्याने ती वापरणे सोडून नुसत्या पासवर्डवर परत जाणे हा अधिक मोठा धोका ठरेल.

परंतु ही चिप बनतेच मुळी चोराच्या हाती पडेल हे गृहीत धरून. घरच्या कपाटात सुरक्षित राहणार असेल तर साधी वहीही पुरे. तिजोरी विकणाऱ्याने चोर घरात येणारच नाही, असे सांगून चालत नाही. शिवाय उपकरणे स्वस्त होत जातात, आणि सुरक्षेची चिप मात्र कार्डात, कुलपात, मीटरमध्ये दहा-दहा वर्षे राहते.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा. गळती थांबवायची तर वेग कमी होतो, जागा वाढते. काही ठिकाणी हे खरे आहे. शून्य असो वा एक, दर बिटाला एक दुप्पट आणि एक बेरीज करायची, या रीतीला माँटगोमेरी यांची शिडी म्हणतात. जुन्या पद्धतीच्या वक्रांवर ती महाग पडते. पण बर्नस्टाइन यांच्या वक्रावर बिंदूचा एकच निर्देशांक घेऊन ही शिडी चढता येते, आणि एकूण काम सुमारे अडीच हजार गुणाकारांत आटोपते. म्हणजे गळती नसलेली रीत साध्या रीतीपेक्षा स्वस्तही पडू शकते. अट एवढीच की, वक्र निवडतानाच यंत्राचा विचार झाला पाहिजे. आधी वेगासाठी रचायचे आणि मागाहून भोके बुजवत बसायचे, ही सवय महाग आहे.

एस्टोनियाचा धडा

एस्टोनिया हा छोटा देश आपल्या नागरिकांना चिप असलेले ओळखपत्र देतो. त्याने बँकेचे काम होते, करारावर सही होते, मतदानही होते. २०१७ मध्ये मासारिक विद्यापीठाच्याच संशोधकांना आढळले की, या चिपांमधील आरएसए किल्ल्या कमकुवत आहेत. किल्ली लवकर तयार व्हावी म्हणून मूळ संख्या एका ठरावीक साच्यातून काढल्या जात होत्या, आणि तो साचाच घात करून गेला. पुन्हा तीच वेळेची बचत. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारला साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

परंतु ही कार्डे फेकून द्यावी लागली नाहीत. त्याच चिपमध्ये वक्राचे गणित करण्याची सोय होती. नागरिकांनी घरबसल्या कार्ड संगणकाला लावून आरएसए सोडले आणि वक्रावरची नवी किल्ली घेतली. एक वाट बंद पडली तेव्हा दुसरी वाट आधीपासून बांधलेली होती, म्हणून देश सावरला. वेळ गुणिले जागा या आकड्यात ही दुसरी वाट निव्वळ वाया गेलेली जागा दिसली असती.

हा धडा आज दुप्पट महत्त्वाचा आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की, पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर आरएसए आणि वक्र दोन्ही कोसळतील. असा संगणक अजून झालेला नाही. पण अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गणिताची तीन मानके जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जुन्या पद्धती २०३५ नंतर बंद करण्याचा आराखडा मांडला. नव्या पद्धतीत २५६ बिटांचे मोठे गुणाकार नसतात, लहान संख्यांच्या लांबलचक बहुपदी असतात. केवळ वक्रासाठी घट्ट बसवलेला गुणाकार त्यांना जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

मग वक्र-प्रोसेसर रचण्यात आता अर्थ आहे का? आमच्या मते आहे. कारण सध्या नवे गणित एकटे न वापरता वक्राच्या जोडीने वापरण्याचा प्रघात पडतो आहे. नव्यात दोष निघाला तर जुने सांभाळील, जुने कोसळले तर नवे. मात्र जो आज फक्त एकाच वक्रासाठी चिप कोरून ठेवील त्याचा माल लवकर शिळा होईल. याचे उदाहरण याच क्षेत्रात घडून गेले आहे. हातचा न घेता बेरीज करता येणारे द्विमान क्षेत्रांवरचे वक्र हार्डवेअरला फार सोयीचे होते, आणि कित्येक वेगवान प्रोसेसर त्यांच्यासाठीच रचले गेले. २०२३ मध्ये निस्टने ते वक्र मानकातून निवृत्तीच्या वाटेला लावले.

आपल्याला काय करता येईल?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात चिपचा आराखडा करणाऱ्या कंपन्यांना पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत, कमाल १५ कोटी रुपये परत देण्याची तरतूद ठेवली गेली. बातम्या येतात त्या बहुधा कारखान्यांच्या, कारण कारखाना डोळ्यांना दिसतो. पण आम्ही ज्या प्रोसेसरबद्दल बोलतो आहोत त्यासाठी सर्वांत प्रगत कारखाना लागत नाही. बारा-तेरा हजार गेटांची रचना जुन्या तंत्रावरही उतरते. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरचे तंत्र चालते. मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ हा खुला प्रोसेसर उभा केला आहे, त्याच्या शेजारी असा गुप्तलेखनाचा भाग बसवता येतो. आधी एफपीजीए बोर्डावर रचना चालवून पाहता येते. येथे भांडवलापेक्षा चिकाटी आणि गणित अधिक लागते.

सबब तीन गोष्टी आम्ही सुचवतो. पहिली, अभियांत्रिकी महाविद्यालयांत असे प्रकल्प तपासताना वेग आणि जागा यांच्याबरोबर गळतीची मोजणीही मागावी. किल्ली बदलली तर वेळ बदलतो का, एवढी एक चाचणी घेतली तरी पुष्कळ कळते, आणि तिला महागडे उपकरण लागत नाही. दुसरी, बँका आणि सरकारी खाती हजारोंनी टोकन व कार्डे विकत घेतात. त्यांनी केवळ प्रमाणपत्राचा क्रमांक पाहून थांबू नये. आतली रीत कोणती, ती स्वतंत्र अभ्यासकांना तपासायला खुली आहे का, दोष निघाल्यास माल बदलून देण्याची हमी कोणाची आणि दुसऱ्या गणिताकडे वळण्याची सोय आहे का, हे चार प्रश्न निविदेतच लिहावेत. १४ वर्षे दोष झाकलेला राहिला याचे एक कारण ती रीत बंद पेटीत होती हेही आहे.

तिसरी गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांसाठी. आपले टोकन कामापुरते लावावे आणि काम झाले की काढून कुलपात ठेवावे. हिशेबनिसाच्या किंवा सल्लागाराच्या खणात ते महिनोन्महिने पडून राहू देऊ नये. ते आपला अंगठा आहे. वर सांगितलेल्या अनेक हल्ल्यांना चोराच्या हाती यंत्र लागावे लागते, आणि तेवढे तरी थांबवणे आपल्या हाती आहे.

ज्याच्याकडे लोक आपली किल्ली विश्वासाने ठेवतात, त्याने ती किती झटपट फिरवली याला दुय्यम महत्त्व आहे. ती त्याच्या हातून कोणाला दिसली नाही ना, हे आधी पाहायचे असते. हा नियम तिजोरीच्या कारकुनाला लागू आहे, तो चिपलाही लावला पाहिजे. या क्षेत्रात उतरणाऱ्या आमच्या तरुणांनी आपल्या रचनेच्या पहिल्याच पानावर तो चौथा रकाना आखून घ्यावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.